क्यूब, क्वेरी आणि रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोसॉफ्टच्या ॲनालिसिस सर्व्हिसेसवर क्यूब (आकडे अनेक बाजूंनी बघता यावेत म्हणून रचलेला साठा) बांधणारे, त्यावर एमडीएक्स (क्यूबची क्वेरी भाषा) लिहिणारे आणि एक्सेल किंवा रिपोर्टिंग सर्व्हिसेसमधून साहेबांपुढे आकडे ठेवणारे, अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मल्टिडायमेन्शनल क्यूब डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. टॅब्युलर मॉडेल या नव्या पर्यायाबद्दल शेवटी वेगळा प्रश्न आहे. क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी चुकीचा आकडा, मग उशिरा येणारा आकडा. क्यूब हळू चालला की लगेच फोन येतो आणि कोणीतरी लक्ष घालतं. चुकीचा आकडा मात्र महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतो आणि त्यावर लोक खरेदीचे, बोनसचे, शाखा बंद करण्याचे निर्णय घेऊन मोकळे होतात.

आमच्याकडे एसक्यूएलचे रिपोर्ट आहेत. मग क्यूब कशाला?

ठरावीक यादी ठरावीक वेळी काढायची असेल तर क्यूबची गरज नाही. एकच आकडा कधी जिल्ह्याने, कधी महिन्याने, कधी मालाच्या गटाने, कधी तिन्ही मिळून बघायचा असेल आणि प्रत्येक वेळी नवी क्वेरी लिहायला माणूस मिळत नसेल, तेव्हा क्यूब कामाला येतो. या पद्धतीला ओलॅप (ऑनलाइन ॲनालिटिकल प्रोसेसिंग) हे नाव संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९९३ मध्ये दिलं. मायक्रोसॉफ्टने ती १९९८ मध्ये एसक्यूएल सर्व्हर ७.० सोबत बाजारात आणली. क्यूबचा सगळ्यात मोठा फायदा मात्र वेगाचा नाही. ‘निव्वळ विक्री’ म्हणजे काय हे एकदाच, एकाच जागी ठरतं आणि विक्री विभाग व हिशेब विभाग तोच आकडा बघतात, हा खरा फायदा आहे.

डिझाइनला सुरुवात कुठून करायची?

फॅक्ट टेबल म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचं टेबल. त्यातली एक ओळ म्हणजे काय, हे एका वाक्यात लिहून काढा. ‘एका बिलातला एक माल’ असं जर उत्तर असेल, तर त्या टेबलात बिलाच्या पातळीवरची कुठलीही रक्कम येता कामा नये. समजा एका बिलावर ₹५०० वाहतूक खर्च आहे आणि बिलात तीन प्रकारचा माल आहे. बिल आणि माल यांच्या टेबलांचा जॉइन (जोडणी) मारला की ५०० तीनदा येतात आणि क्यूब इमानदारीने १५०० बेरीज दाखवतो. यावर दोनच सरळ उपाय आहेत. एक तर ती रक्कम तीन ओळींवर मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटायची, नाहीतर बिलाचा वेगळा मेजर ग्रुप करायचा (मेजर म्हणजे मोजायचा आकडा). वेगळा ग्रुप केला तर माल या डायमेन्शनशी (ज्या बाजूने आकडा बघायचा ती बाजू) त्याचं नातं राहत नाही आणि तेच बरोबर आहे, कारण वाहतूक खर्च मालाप्रमाणे नोंदलेलाच नसतो.

हे वाक्य ठरवताना विक्री आणि हिशेब, दोन्ही विभागांची माणसं खोलीत हवीत. आयटीने एकट्याने ठरवलेलं वाक्य पुढे मोडतं, असा माझा अनुभव आहे.

क्यूब प्रोसेस करताना, म्हणजे त्यात डेटा भरताना, ‘ड्युप्लिकेट ॲट्रिब्यूट की’ असा एरर येतो. इंटरनेटवर एरर कॉन्फिगरेशनमध्ये ‘इग्नोअर’ करा म्हणतात. करू का?

करू नका. हा एरर तुमच्या बाजूने बोलतोय. ॲट्रिब्यूट म्हणजे डायमेन्शनमधला तालुका, जिल्हा असा एक गुण, आणि की म्हणजे त्याची ओळख.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. कर्जत नावाचा तालुका रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही. तुमच्या ग्राहक डायमेन्शनमध्ये ग्राहकावरून तालुका, तालुक्यावरून जिल्हा असं नातं लावलेलं आहे आणि तालुक्याची की म्हणून फक्त नाव दिलेलं आहे. प्रोसेसिंगच्या वेळी सर्व्हर तालुका-जिल्हा अशा वेगवेगळ्या जोड्या मागवतो. ‘कर्जत, रायगड’ आणि ‘कर्जत, अहिल्यानगर’ अशा दोन ओळी येतात. एका तालुक्याला एकच जिल्हा, असं तुम्ही सांगितलं होतं. सर्व्हर थांबतो आणि तक्रार करतो.

आता इग्नोअर केलं तर काय होतं ते बघा. समजा रायगडच्या कर्जतची विक्री ४२ लाख आणि अहिल्यानगरच्या कर्जतची ३१ लाख आहे. क्यूबमध्ये कर्जत एकच उरतो आणि दोनपैकी एका जिल्ह्याखाली जाऊन बसतो. तो रायगडखाली बसला, तर रायगडमध्ये ७३ लाख दिसतील आणि अहिल्यानगरमधून ३१ लाख गायब होतील. राज्याची बेरीज तंतोतंत जुळेल. म्हणूनच कोणाला शंका येणार नाही, आणि अहिल्यानगरच्या विक्री अधिकाऱ्याला वर्षअखेरीस टार्गेट न गाठल्याचा जाब द्यावा लागेल.

उपाय सोपा आहे. तालुक्याच्या की कॉलममध्ये जिल्हा आणि तालुका, दोन्ही द्या आणि नेम कॉलममध्ये फक्त तालुका ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले जिल्हा आणि तालुक्यांचे कोड घ्या आणि तेच की म्हणून वापरा. नाव हे दाखवण्यासाठी असतं, ओळखण्यासाठी नसतं.

नावं वेगळी असूनही हा एरर येत असेल तर दोन जागा तपासा. कॉलममध्ये काही ओळी नल (काहीच न भरलेल्या) आणि काही ओळी रिकाम्या स्ट्रिंगच्या असतील, तर सर्व्हर नलला रिकामं समजतो आणि दोन्ही एकच होतात. दुसरं म्हणजे शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. डेटाबेसच्या आणि क्यूबच्या कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत) लहान-मोठ्या लिपीचा फरक असेल, तरी इंग्रजी नावांबाबत हेच घडतं.

आणखी एक सांगायला हवं. ॲट्रिब्यूटमधली नाती लावलीच नाहीत तर एरर येत नाही, आणि अनेक जण त्यालाच सुटका समजतात. पण मग तालुका एकटा घेऊन पिव्होट काढला की दोन्ही कर्जतची विक्री एकाच ओळीत दिसते. शिवाय वेगाच्या प्रश्नात पुढे दिसेल त्याप्रमाणे ॲग्रिगेशनही (आधीच काढून ठेवलेल्या बेरजा) निकामी होतात.

‘ॲट्रिब्यूट की सापडली नाही’ हा एरर वेगळा आहे का?

हो. इथे फॅक्टमध्ये असा ग्राहक आला आहे जो डायमेन्शनमध्ये नाही. बहुतेक वेळा कारण क्रमाचं असतं: डायमेन्शन प्रोसेस झालं, मधल्या वेळात नवा ग्राहक आणि त्याचं बिल आलं, मग फॅक्ट प्रोसेस झालं. डेटा भरण्याचं काम पूर्ण संपल्याशिवाय प्रोसेसिंग सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा. जे खरोखरच अनाथ आहेत त्यांच्यासाठी डायमेन्शन टेबलात उणे एक क्रमांकाची ‘माहिती नाही’ अशी ओळ ठेवा आणि डेटा भरतानाच त्यांना ती की द्या. मग ती रक्कम रिपोर्टमध्ये डोळ्यांना दिसते आणि कोणीतरी ती निस्तरतं. क्यूबच्या अननोन मेंबरवर (न सापडलेल्या नोंदींसाठी आपोआप असलेल्या खात्यावर) सगळं सोडून दिलं, आणि तो लपवलेला असला, की ती रक्कम कोणालाच दिसत नाही.

जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या वर्षांच्या रिपोर्टमध्ये कुठलं नाव दाखवायचं?

नाव बदलणं आणि जिल्हा फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या वेगळ्या हाताळल्या नाहीत तर तुलना कायमची बिघडते.

२०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जमीन तीच, तालुके तेच, फक्त नाव नवं. इथे जुन्या नावावर नवं नाव लिहून टाका, म्हणजे वेअरहाउसच्या भाषेत टाइप वन. की बदलू नका. सगळ्या वर्षांची विक्री नव्या नावाखाली एका ओळीत येईल आणि दहा वर्षांचा आलेख अखंड राहील. नावालाच की केलेल्या क्यूबमध्ये मात्र एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी होतात: एक २०२३ ला संपते, दुसरी तिथून सुरू होते.

पालघरचं तसं नाही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, तलासरी आणि पालघर हे तालुके वेगळे होऊन नवा जिल्हा झाला. वसईच्या दुकानदाराची २०१३ ची विक्री कुठे दाखवायची? ठाण्यात दाखवली तर जुन्या छापील रिपोर्टशी जुळेल. पालघरमध्ये दाखवली तर आजच्या पालघरची दहा वर्षांची वाढ कळेल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून दोन ॲट्रिब्यूट द्या: ‘त्या वेळचा जिल्हा’ आणि ‘आजचा जिल्हा’. पहिल्यासाठी दुकानदाराच्या दोन ओळी ठेवाव्या लागतात, प्रत्येकीला स्वतःची सरोगेट की (आपण दिलेला क्रमांक) आणि लागू असण्याच्या तारखा. ही टाइप टूची पद्धत. दुसऱ्यासाठी दोन्ही ओळींवर आजचा जिल्हा लिहायचा. की कॉलमचा नियम दोन्हीकडे पाळा, कारण वसई आता ‘त्या वेळच्या’ दोन जिल्ह्यांखाली येणार आहे.

इथे तांत्रिक अडचण येते ती नात्याच्या प्रकारात. तालुका आणि जिल्हा यांचं नातं रिजिड (कधी न बदलणारं) ठेवलं असेल आणि तालुका हलला, तर प्रोसेस अपडेट (डायमेन्शनमधले बदल आणण्याची पायरी) एरर देऊन थांबतो आणि पूर्ण प्रोसेस करावं लागतं. फ्लेक्सिबल (बदलू शकणारं) ठेवलं तर एरर येत नाही, पण त्या नात्यावर उभी असलेली ॲग्रिगेशन गळून पडतात आणि ती पुन्हा बांधावी लागतात.

गोदामातल्या साठ्याची बेरीज भलतीच मोठी येते.

साठा दिवसांवर बेरीज करण्याची गोष्ट नाही. सोमवारी १०० पोती होती, मंगळवारी तीच १०० पोती होती, तर दोन दिवसांची २०० होत नाहीत. गोदामांवर बेरीज चालते, तारखांवर चालत नाही. अशा मेजरना सेमी-ॲडिटिव्ह म्हणतात. त्यांचं ॲग्रिगेट फंक्शन सम ऐवजी लास्ट चाइल्ड (शेवटच्या दिवसाचा आकडा) किंवा लास्ट नॉन-एम्प्टी (शेवटच्या भरलेल्या दिवसाचा आकडा) करायचं. लास्ट चाइल्ड स्टँडर्ड आवृत्तीत चालतं, लास्ट नॉन-एम्प्टीला एंटरप्राइझ लागते. तारखेच्या डायमेन्शनचा टाइप टाइम असायला हवा, हे विसरू नका.

लास्ट नॉन-एम्प्टीमध्ये एक खोच आहे आणि ती फार लोकांना माहीत नसते. समजा चाकणचं गोदाम रोज साठा पाठवतं आणि लातूरचं रविवारी पाठवत नाही. महिन्याची ३० तारीख रविवारी आली. चाकण एकटं बघितलं तर ३० चा साठा दिसतो. लातूर एकटं बघितलं तर २९ चा दिसतो. दोन्ही बरोबर. पण ‘सर्व गोदामं’ बघितलं, की क्यूब शेवटचा भरलेला दिवस म्हणून ३० घेतो, आणि त्या दिवशी लातूरची ओळच नाही. एकूण साठ्यात फक्त चाकण येतं. वेगवेगळे आकडे खरे, बेरीज खोटी.

एमडीएक्समध्ये यावर उपाय लिहिता येतो, पण तो हळू चालतो. मी दर वेळी डेटाकडे वळायला सांगतो: प्रत्येक गोदामाची प्रत्येक मालाची ओळ रोज असलीच पाहिजे. ज्या दिवशी आकडा आला नाही त्या दिवशी आदल्या दिवसाचा पुढे ओढा. साठा संपला असेल तर शून्याची ओळ लिहा, ओळ गाळू नका. टेबल मोठं होतं, होऊ द्या.

जानेवारीचे ग्राहक ८००, फेब्रुवारीचे ७००, मार्चचे ९००. तिमाहीत २४०० का दिसत नाहीत?

कारण पुष्कळ ग्राहक तिन्ही महिन्यांत आले होते. डिस्टिंक्ट काउंटची (वेगवेगळे ग्राहक एकदाच मोजण्याची) बेरीज होत नाही, तो प्रत्येक पातळीवर नव्याने मोजला जातो. म्हणूनच तो जड असतो आणि क्यूब बांधण्याचं टूल त्याला आपोआप वेगळ्या मेजर ग्रुपमध्ये टाकतं. तो तिथेच राहू द्या.

सरासरी आणि टक्के वरच्या पातळीवर चुकतात.

टक्केवारी फॅक्ट टेबलात साठवू नका. नफा आणि विक्री ही दोन मेजर साठवा आणि भागाकार क्यूबच्या कॅल्क्युलेशनमध्ये करा, म्हणजे प्रत्येक पातळीवर आधी बेरीज आणि मग भागाकार होतो. रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये हीच चूक पुन्हा शिरते: ग्रुपच्या बेरजेच्या ओळीत सम लिहिलेलं असतं आणि टक्क्यांची बेरीज छापून येते. क्यूबवरच्या रिपोर्टात तिथे ॲग्रिगेट हे फंक्शन लिहा. ते स्वतः गणित न करता क्यूबने काढलेली बेरीज आणतं.

आर्थिक वर्ष एप्रिलपासून कसं लावायचं? महिने ऑगस्ट, एप्रिल, ऑक्टोबर असे कसेही येतात.

महिने नावाने लागले आहेत. महिन्याच्या की मध्ये आर्थिक वर्ष आणि वर्षातला क्रमांक द्या, एप्रिल १ आणि मार्च १२, आणि ऑर्डर बाय ‘की’ करा. नुसता महिन्याचा क्रमांक की म्हणून दिलात तर सगळ्या वर्षांचे एप्रिल एकमेकांत मिसळतील. कर्जतसारखंच.

वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज काढणारं वायटीडी हे फंक्शन ‘वर्ष’ या प्रकाराची पातळी शोधतं, आर्थिक वर्षाची नाही. एप्रिलपासूनची बेरीज हवी तर पीरियड्स टू डेट वापरा आणि आर्थिक वर्षाची पातळी स्वतः लिहून द्या.

मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करतो, पण सप्टेंबरचे आकडे दर वर्षी विचित्र दिसतात.

पॅरलल पीरियड फंक्शन फक्त जागा मोजतं. गेल्या वर्षातला सहावा महिना म्हटलं की ते तो आणून देतं. त्या महिन्यात काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये ती ७ सप्टेंबरला आली आणि २०२५ मध्ये थेट २७ ऑगस्टला. मिठाई, फुलं, कपडे, सजावटीचं सामान किंवा दुचाकी विकणाऱ्या कंपनीसाठी सप्टेंबर २०२५ ची सप्टेंबर २०२३ शी तुलना करण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये चतुर्थीच्या आधीची सगळी खरेदी सप्टेंबरात पडली होती, २०२५ मध्ये ती ऑगस्टात गेली.

तारखेच्या डायमेन्शनमध्ये ‘चतुर्थीपासूनचा दिवस’ असा एक ॲट्रिब्यूट वाढवा: चतुर्थी शून्य, आदला दिवस उणे एक, दोन्ही बाजूंना तीस-तीस दिवस. दिवाळीसाठी लक्ष्मीपूजन धरून दुसरा. वर्ष आडवं आणि हा ॲट्रिब्यूट उभा घेतला की उणे पंधराव्या दिवसाची तुलना उणे पंधराव्या दिवसाशी होते. तारखा वर्षातून एकदा पंचांग बघून भराव्या लागतात, तेवढंच काम. तयार टेम्पलेटमधून आलेल्या कॅलेंडरमध्ये हे कधीच नसतं आणि आपल्या बाजारासाठी यापेक्षा उपयोगी ॲट्रिब्यूट मला माहीत नाही.

क्वेरी फार हळू चालते. सर्व्हरला जास्त कोअर दिले तरी फरक नाही.

आधी दोष कुठे आहे ते मोजा, मग हात लावा. कॅशे (सर्व्हरने लक्षात ठेवलेली उत्तरं) साफ करा, प्रोफायलर (सर्व्हर काय करतो ते नोंदणारं टूल) चालू करा आणि क्वेरी एकदाच चालवा. क्वेरी एंड या इव्हेंटवर एकूण वेळ मिळतो. क्वेरी सबक्यूब या इव्हेंटवर स्टोरेज इंजिनने डिस्कवरून किंवा ॲग्रिगेशनमधून डेटा आणायला घेतलेला वेळ मिळतो. उरलेला वेळ फॉर्म्युला इंजिनचा, म्हणजे तुमच्या एमडीएक्सच्या गणिताचा.

बहुतेक वेळ स्टोरेजमध्ये जात असेल तर ॲट्रिब्यूटची नाती तपासा. तालुक्यावरून जिल्हा असं नातं लावलेलं नसेल, तर तालुक्याच्या पातळीवर तयार असलेल्या बेरजांतून जिल्ह्याची बेरीज काढता येते हे सर्व्हरला कळत नाही आणि तो ग्राहकापासून सुरुवात करतो. नाती नीट झाली की मग पार्टिशन आणि ॲग्रिगेशन. मोठं फॅक्ट महिन्यावार पार्टिशनमध्ये तोडा. ॲग्रिगेशन विझार्डच्या अंदाजावर न सोडता लोकांच्या खऱ्या क्वेरींवरून बनवा. त्यासाठी सर्व्हरच्या प्रॉपर्टीमध्ये क्वेरी लॉग चालू करावा लागतो. त्याचं सॅम्पलिंग मुळात दर दहावी क्वेरी नोंदवण्याचं असतं, ते काही दिवस एकवर आणा. फॅक्टच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं होईल असं ॲग्रिगेशन विझार्ड बनवत नाही. तेव्हा टेबलांतल्या ओळींचे अंदाजे आकडे जुने राहिले असतील तर त्याचे निर्णयही चुकतात.

वेळ फॉर्म्युला इंजिनमध्ये जात असेल तर नवे कोअर वाया जातात, कारण एका क्वेरीचं गणित ते एकाच थ्रेडवर करतं. इथे एमडीएक्सच सुधारावं लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळा दोषी सापडतो तो शून्य. कोणीतरी वाढीच्या टक्क्यांसाठी ‘मागच्या वर्षी काही नसेल तर शून्य दाखव’ असं आयआयएफ (अट तपासणारं फंक्शन) लिहिलेलं असतं. समजा ५,००० माल आणि ४०० विक्रेते आहेत. जोड्या झाल्या २० लाख. खरी विक्री त्यातल्या ६० हजार जोड्यांत आहे. नॉन एम्प्टी लिहिलं की सर्व्हर रिकाम्या जोड्या बाजूला काढतो आणि ६० हजारांतच काम करतो. पण तुमचं मेजर रिकाम्या जागी शून्य देतं, आणि शून्य म्हणजे रिकामं नव्हे. वीसच्या वीस लाख जोड्या भरलेल्या ठरतात, प्रत्येकीचं गणित होतं आणि एक्सेलमध्ये शून्यांच्या ओळींचा खच पडतो. शून्याच्या जागी नल लिहा. क्वेरी मिनिटांवरून सेकंदांवर येताना मी अनेकदा पाहिली आहे, ती याच एका शब्दाच्या बदलाने. पडद्यावर शून्य दिसायलाच हवा असेल तर फॉरमॅट स्ट्रिंगचा चौथा भाग रिकाम्या सेलसाठीच असतो, तिथे लिहा.

अट ठरावीक मेंबरसाठी असेल तर आयआयएफ ऐवजी स्कोप वापरा. प्रत्येक सेलला अट विचारली जात नाही, अट लागू असलेला भाग आधीच वेगळा होतो.

सकाळी क्यूब हळू असतो, दुपारी बरा चालतो.

अर्धं कारण कॅशेचं आहे: रात्री प्रोसेसिंग झालं की तो रिकामा होतो आणि सकाळचा पहिला माणूस तो भरतो. नेहमीच्या चार-पाच क्वेरी प्रोसेसिंगनंतर जॉबमधूनच चालवून ठेवा. उरलेलं अर्धं कारण जास्त गंभीर असतं. रात्रीच्या जॉबमध्ये डायमेन्शनवर प्रोसेस अपडेट चालतो, फ्लेक्सिबल नात्यांवरची ॲग्रिगेशन गळतात आणि ती पुन्हा बांधण्याची पायरी जॉबमध्ये नसते. ती बांधणारी प्रोसेस इंडेक्स ही पायरी जुन्या पार्टिशनसाठी जॉबमध्ये घाला.

एक्सेलचा पिव्होट लटकतो. आणि डबल क्लिक केलं की हजारच ओळी येतात.

हजार ही एक्सेलच्या कनेक्शन प्रॉपर्टीमधली मर्यादा आहे, तिथे वाढवता येते. सर्व्हरचीही स्वतःची मर्यादा आहे, मुळात १०,००० ची.

पिव्होट लटकतो कारण त्याला यादी मागितलेली असते. ग्राहक, पत्ता, बिल क्रमांक, तारीख, माल असे दहा ॲट्रिब्यूट ओळींवर ओढले की एक्सेल प्रत्येक पातळीच्या सबटोटलसह सगळ्यांचा क्रॉसजॉइन (प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी) मागतं. सबटोटल बंद केल्याने थोडं हलकं होतं. पण बिलांची यादी हवी असलेल्या माणसाला एसक्यूएलवरचा साधा रिपोर्ट करून द्या. ते त्याच्याही हिताचं आहे.

रिपोर्ट उघडायला दोन मिनिटं लागतात. क्वेरी तर पाच सेकंदांत येते.

रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये एक्झिक्यूशनलॉग३ नावाचा व्ह्यू आहे. त्यात प्रत्येक वेळेसाठी तीन कॉलम मिळतात, मिलिसेकंदांत: डेटा आणणं, प्रोसेसिंग, रेंडरिंग (पानं मांडणं). पाच सेकंद डेटा आणि बाकी रेंडरिंग असेल तर पानं किती बनतायत ते बघा. डेटाचाच वेळ कधी पाच सेकंद, कधी दीड मिनिट असेल तर स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये पॅरामीटर स्निफिंगचा संशय घ्या, म्हणजे एका पॅरामीटरसाठी आखलेली क्वेरीची पद्धत दुसऱ्यालाही वापरली जाते.

पीडीएफमध्ये एक पान सोडून एक पान कोरं येतं.

बॉडीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंचे समास मिळून कागदापेक्षा जास्त होतायत. ए४ उभा २१ सेंटीमीटर असतो.

रक्कम १२,३४५,६७८ अशी येते. आम्हाला १,२३,४५,६७८ हवी. आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं.

रिपोर्टची लँग्वेज प्रॉपर्टी ‘इंग्रजी, भारत’ किंवा ‘मराठी, भारत’ करा, लाख-कोटीचे स्वल्पविराम आपोआप लागतात. देवनागरी अंक हवे असतील तर टेक्स्टबॉक्सच्या न्यूमरल लँग्वेज आणि न्यूमरल व्हेरियंट या दोन प्रॉपर्टी आहेत.

प्रश्नचिन्हं म्हणजे अक्षरं डेटाबेसमध्येच मेली आहेत, रिपोर्टमध्ये काही करून ती परत येणार नाहीत. कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) हवा आणि मजकूर टाकताना स्ट्रिंगच्या आधी ‘एन’ हे अक्षर हवं. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून यूटीएफ-८ कोलेशन आलं आहे, त्यात व्हारचारही चालतो. प्रश्नचिन्हांऐवजी चौकटी दिसत असतील तर मात्र डेटा शाबूत आहे, फक्त रिपोर्ट सर्व्हरच्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही.

शाखा व्यवस्थापकाला फक्त त्याची शाखा दिसते, पण खालची बेरीज संपूर्ण कंपनीची येते.

रोलच्या (वापरकर्त्यांच्या गटाला दिलेल्या अधिकारांच्या) डायमेन्शन डेटा सुरक्षेमध्ये ‘व्हिज्युअल टोटल्स’ चालू करा. ते बंद असेल तर मेंबर लपतात, पण बेरीज सगळ्यांची राहते. दोनच शाखा असलेल्या गावात व्यवस्थापकाने वजाबाकी केली की दुसऱ्या शाखेचा आकडा त्याला कळतो. क्यूब लोकांच्या हाती देण्याआधी प्रत्येक रोलमधून ब्राउझ करून बघा.

क्यूबचा आणि हिशेबाचा आकडा जुळत नाही. शोधायचं कसं?

एकूण फरकाकडे बघत बसू नका. वर्षावरून महिना, महिन्यावरून दिवस, दिवसावरून बिल, असं फरक असलेल्या फांदीनेच खाली उतरा. बिल सापडलं की कारण सापडतं. नेहमीची कारणं अशी: एकीकडे जीएसटीसह रक्कम, दुसरीकडे जीएसटी वगळून, क्रेडिट नोट एकीकडे मूळ बिलाच्या महिन्यात, दुसरीकडे नोंदीच्या महिन्यात, रद्द झालेलं बिल क्यूबमध्ये राहून गेलेलं, कारण त्या महिन्याचं पार्टिशन पुन्हा प्रोसेसच झालं नाही.

हे काम रोज आपोआप व्हायला हवं. प्रोसेसिंगनंतर मूळ डेटाबेसमधली आणि क्यूबमधली बेरीज जिल्हा आणि महिना या पातळीवर शेजारी ठेवणारी एक क्वेरी लिहा आणि फरक आला तर मेल जाऊ द्या. पातळी महत्त्वाची. नुसती राज्याची बेरीज तपासली असती तर वरची कर्जतची चूक कधीच पकडली गेली नसती.

नवीन काम सुरू करतोय. मल्टिडायमेन्शनल घ्यावं की टॅब्युलर?

टॅब्युलर. ते एसक्यूएल सर्व्हर २०१२ मध्ये आलं, डेटा कॉलमवार मेमरीत ठेवतं, भाषा डॅक्स आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या रिपोर्टिंग टूलच्या पोटात तेच इंजिन आहे. क्लाउडवरच्या ॲझ्युअर ॲनालिसिस सर्व्हिसेसमध्ये तर मल्टिडायमेन्शनल चालतच नाही. डिस्टिंक्ट काउंट तिथे हलका पडतो, ॲग्रिगेशनची उस्तवार नसते. चालू असलेला, लोकांच्या सवयीचा, स्कोपमध्ये बरंच गणित लिहिलेला जुना क्यूब मात्र निव्वळ नवेपणासाठी मोडू नका.

टॅब्युलरमध्ये गेलात म्हणून वरचे प्रश्न सुटत नाहीत, त्यांचा आवाज कमी होतो. फॅक्टमधला अनाथ ग्राहक तिथे एरर देत नाही, त्याची रक्कम एका रिकाम्या नावाच्या ओळीत जाते. रिपोर्ट बनवणारा माणूस ती ओळ कुरूप दिसते म्हणून फिल्टर करून टाकतो आणि रक्कम त्याच्यासोबत जाते. तेव्हा तिथेही ‘माहिती नाही’ची ओळ स्वतः तयार करा, आणि मॉडेलमध्ये रिकामी ओळ उगवली की रोजच्या तपासणीतून मेल येईल असं करा.